मैनाला माती देताना

मागच्या उन्हाळ्यात, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, आमची घोडी मैना गेली. तेव्हाच लिहायचं होतं पण हात धजावला नाही. आता पावसाळा होऊन गेला, तिथली माती बसली, तर लिहून टाकतो, कारण ज्यांच्या दारी घोडा, बैल, म्हैस आहे त्यांच्यावर ही वेळ येतेच आणि त्या वेळेला डोकं अजिबात चालत नाही.

मैना पंचकल्याणी होती, म्हणजे अंग कुमैत (तांबूस तपकिरी), चारही पाय खाली पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. आमचे आबाजी नागपुरात स्टेशन, बर्डी, इतवारी असा टांगा हाकायचे, ऑटो वाढले तसा टांगा बसला, मग बाबांनी घोड्या वरातीला लावल्या. मैना त्यातली शेवटची. कानाशी बँड, पायाशी फटाके, पण तिनं एकाही नवरदेवाला पाडलं नाही. तीन वर्षांपूर्वी तिचं काम बंद केलं, नालबंदाला बोलावून नाला काढून घेतल्या आणि कळमेश्वरकडे आमचं थोडं शेत आहे तिथं काकाजवळ नेऊन ठेवली. दातांवरून वय बाविसच्या आसपास.

रात्री साडेनऊला काकाचा फोन आला, "मैना लोळून राहिली रे, पोटाकडे पाहू पाहू पाय आपटून राहिली." बाबा फोन ठेवायच्या आधीच चप्पल घालत होते, त्यांना कळलं होतं. पोटशूळ. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळं पोटात जे अडकलं ते अडकलंच, त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पिणं होतं, वरून कोरडं कुटार, म्हणजे भुसा. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं, पण आतडं पिळलं होतं. पहाटे चारला ते म्हणाले की आता तिला फक्त त्रास होऊन राहिला. बाबा तिच्या कानामागे खाजवत बसले होते, खूप वेळानं मान हलवली.

इंजेक्शन झाल्यावर डॉक्टरांनी लगेच दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या तेव्हा सांगितल्या म्हणून पुढचं नीट झालं. एक, हिला उघड्यावर टाकायचं नाही, हे औषध मांसात राहतं, कुत्र्यांनी खाल्लं तर तेही मरतील. (जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं आपली गिधाडं कशी संपत आली ते आठवा, 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली पण तोवर फार उशीर झाला होता.) दोन, पाय आत्ताच दुमडून घ्या. मेल्यावर दोन-चार तासांत अंग ताठतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर, आणि एकदा ताठलं की ते लांब पाय कुठल्याच खड्ड्यात धड मावत नाहीत, मग लोक जे करतात ते मी इथं लिहिणार नाही. मी आणि काकानं तिचे पाय एक एक करून गुडघ्यातून वळवले, पोटाशी आणले आणि सुती दोरीनं सैल बांधले. अंग गरमच होतं. पुढच्या उजव्या पायावर जुन्या जखमेचा एक टणक गोळा होता, लहानपणी मी त्याच्यावर हळद लावायचो, तो हाताला लागला तेव्हा मात्र मला थोडं थांबावं लागलं.

आता खड्डा. आमच्याकडे वर अडीच फूट काळी माती, उन्हानं भेगाळलेली, आणि खाली नुसता मुरूम. चार माणसं कुदळीनं लागली असती तरी संध्याकाळ झाली असती आणि 45 डिग्रीत पोट दुपारपर्यंत फुगलं असतं. म्हणून जेसीबी. बाबा नाहीच म्हणत होते. "कचरा उचलतात तसं नाही उचलायचं तिले," एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. त्यांचं चुकीचं नव्हतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय ना, पायाला साखळी बांधून लटकवलेली गाय.

सात वाजता जेसीबी आला. ऑपरेटर पंचवीसेक वर्षांचा पोरगा, भंडाऱ्याकडचा. त्यानं मैनाकडे पाहिलं, मग मशीनचं पुढचं बकेट पाहिलं, त्यात आदल्या दिवशीचा नालीचा गाळ वाळून चिकटला होता. कोणी काही म्हटलं नाही, तो स्वतः टाक्यावरून बादल्या आणून ते बकेट खराट्यानं घासून धुवायला लागला, कोपऱ्यातला गाळ सळईनं खरवडून काढला. तीन-चार बादल्या गेल्या असतील. बाबा बाजेवरून ते पाहत होते, मग उठून त्यांनी त्याला स्वतः जागा दाखवली.

जागा विहिरीपासून लांब, शंभरावर पावलं, आणि उताराच्या खालच्या अंगाला. खड्डा नऊ फूट लांब, मशीनचं बकेट मावेल इतका रुंद, आठ फूट खोल, म्हणजे तिच्यावर निदान चार फूट माती येईल, याच्याहून कमी केलं तर कुत्री-कोल्हे उकरतात. पोरानं काळी माती एका बाजूला आणि मुरूम दुसऱ्या बाजूला काढला, काठापासून बराच मागे, आणि एका तोंडाला उतार ठेवला, मशीन आत जाईल असा. हा उतार फार महत्त्वाचा, त्याच्यामुळं तिला वरून टाकावं लागलं नाही.

बकेटमध्ये आधी कुटार, त्यावर आईनं दिलेली जुनी सोलापुरी चादर. ट्रकवाल्यांचे रुंद पट्टे असतात तसे दोन तिच्या अंगाखालून घेतले आणि आठ जणांनी तिला चादरीवर सरकवलं, गळ्याला किंवा पायाला दोर लावून ओढलं नाही. मान तेवढी एका बाजूनं बाहेर आली, तर बाबा ती हातावर धरून मशीनसोबत चालायला लागले. पोरगा वरून म्हणाला, "बाबाजी, या बाजूनं चाला, माह्या नजरेत राहा, उतारावर आलो का हात सोडजा." आणि उताराशी मशीन थांबवून वाट पाहिली, बाबांनी मान चादरीवर ठेवून बाजूला होईपर्यंत. मग इतकं हळू खाली नेलं की नुसता इंजिनाचा आवाज, बकेट जमिनीला टेकलं ते कळलंही नाही.

नायलॉनची म्होरकी काढून घेतली, ती कुजत नाही. डॉक्टरांनी पोटाला छेद दिला, मी तेव्हा पाठ फिरवली, पण ते करावं लागतं, नाहीतर आत गॅस भरून वरची माती उचलली जाते. आजीच्या सांगण्यावरून खडा मीठ टाकलं. कोणी चुना म्हणालं, डॉक्टर म्हणाले नको, त्यानं कुजायला उलट वेळ लागतो. तोंडावरची माती आम्ही हातानं टाकली, बाबा, काका, मी. नंतर मशीनच्या मागच्या हातानं पोरानं सुरुवात केली, बकेट पार खाली नेऊन उघडायचा, वरून ओतायचा नाही, पोट झाकेपर्यंत असंच. खाली मुरूम, वर काळी माती, आणि त्याच्यावर दोन फुटांचा उंचवटा, कारण आतलं बसलं की माती खाली जातेच. चाकं त्यावर घातली नाहीत.

तासाला बाराशे, तीन तासांचे पैसे घेतले. एक सांगायचं राहिलं, घोड्याच्या नाकातून घट्ट पू येत असेल, अंगावर गाठी फुटत असतील, तर हे काही स्वतः करू नका. ग्लँडर्स असू शकतो, तो माणसाला होतो, आधी सरकारी पशुवैद्यकाला कळवा.

आषाढात त्या पोराचा फोन आला, "भाऊ, माती बसली का तिची?" बसली होती, उंचवटा जाऊन मधोमध फूटभर खड्डा झाला होता आणि त्यात पाणी साचत होतं. तो जवळच कुठं शेततळ्याच्या कामावर होता, संध्याकाळी मशीन घेऊन आला, पण ओल्या काळ्या मातीत चाकं रुतली असती, म्हणून मशीन रस्त्यावरच ठेवलं आणि त्यानं अन् मी बांधावरचा मुरूम घमेल्यांनी वाहून टाकला. बाबा काठावर बसून घमेली मोजत होते. एकेचाळीस झाली.