कडक भाकरीची सायकल

पहिल्या दिवशी चाळीसपैकी अकरा भाकऱ्या मोडल्या. ताईने डबा उघडून एकेक मोजली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुराच विकायचा असता तर मी खलबत्ता घेतला असता."

कडक भाकरी दिसायला खणखणीत. वाळवून ठेवली की महिनाभर सहज टिकते. शेंगाचटणी आणि दही घरात असलं की आम्हा सोलापूरकरांना पाहुण्यांची धास्ती नसते. पण तिला धक्का सोसत नाही. आमटीत आपल्या हाताने कुस्करली तर ती चव, वाटेत मोडली तर तो तोटा. दुकानदार तुकडे घेत नाही.

ताईचा माल जुळे सोलापुरातून नवी पेठेत पोचवायचा होता आणि रोजची रिक्षा परवडत नव्हती. म्हणून मी वडिलांची काळी २२ इंची सायकल मधोमध कापून घेतली. (वडील असते तर मलाच कापलं असतं.) हँडलच्या पुढे लांब चौकट, तिच्यावर पत्र्याची पेटी, आणि पेटीच्याही पुढे पोरांच्या सायकलचं २० इंची चाक. हँडल फिरवलं की पेटीखालून गेलेला गज चाक धरणारा पुढचा चिमटा ओढतो, ढकलतो. डेन्मार्कमध्ये अशा सायकलीला लाँग जॉन म्हणतात आणि तिकडे त्या शंभरेक वर्षं चालताहेत. आमची चालत नव्हती, नाचत होती. जरा वेग घेतला की पुढचं चाक ताप भरल्यासारखं थरथरायचं.

वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी सायकल भिंतीला टेकवली, चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल हलवलं. हँडल बोटभर फिरलं तरी चाक जागेवरच. "प्ले बघा की काका." गजाच्या टोकाला मी साधा बोल्ट घातला होता, त्याचं भोक घासून लांबोळकं झालं होतं. मोटारसायकलच्या गिअरच्या काडीला असतात तसले छोटे बॉल जॉइंट दोन्ही टोकांना बसवले. हँडलच्या वाट्या-छर्रेही नवे टाकले. मोडलेल्या भाकऱ्या सातवर आल्या. त्या सात मी मिस्त्रींनाच नेऊन देत असे, चटणीसकट.

इथे थांबायला हवं होतं. पण चाक जेवढं पुढे तेवढी गाडी स्थिर, असं माझ्या डोक्यात कुठून तरी बसलं होतं. मिस्त्री नको नको म्हणत असताना मी चिमटा पुढे वाकवून घेतला. त्या दिवशी एकोणीस मोडल्या, आणि मी विजेच्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो.

मग मिस्त्रींनी शेजारच्या बांधकामावरून ओळंबा मागून आणला. ज्या नळीत चिमटा फिरतो तिच्या तिरक्या रेषेत एक लांब काठी धरली. ती जमिनीला टेकली तिथे खडूची खूण केली. मग चाकाच्या आसावरून ओळंबा सोडला, तिथे दुसरी खूण. काठीची खूण पुढे आणि ओळंब्याची मागे पडायला हवी. म्हणजे चाक वळणाच्या रेषेमागे फरफटत येतं आणि आपोआप सरळ होतं. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं ढकलताक्षणी गर्रकन मागे फिरतात, ती याच गुणाने. आमच्या खुणा उलट्या पडल्या होत्या! नळी मुळातच फार उभी जोडली गेली होती, त्यामुळे हे अंतर आधीच नखाएवढं होतं. माझ्या हुशारीने तेही खाल्लं.

नंतर वाचलं तर ही हुशारी जुनीच निघाली. डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालवताच येणार नाहीत अशा सायकली मुद्दाम बनवून पाहिल्या आणि १९७० मध्ये त्यावर लिहिलं. फिरतं चाक भोवऱ्यासारखं पडायला नकार देतं; पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक लावून त्याने हा भोवऱ्याचा गुण मारून टाकला, तरी सायकल चालली. पण पुढचं चाक आणखी पुढे नेलं तेव्हा ती आवरणं त्याला फार जड गेलं. त्याने प्रयोग म्हणून केलं, मी दुरुस्ती म्हणून. शिवाय २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी भोवऱ्याचा गुण नाही आणि हे मागचं अंतरही नाही अशी छोटी सायकल बनवली, आणि तीही ढकलल्यावर आपली आपण तोल सांभाळत गेली. हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही. चिमटा सरळ करून, नळी कापून तिरकी जोडायला त्यांचा अख्खा दिवस गेला होता. साध्या सायकलीत हे अंतर पाच-सहा सेंटिमीटर असतं, आम्हाला साडेचार मिळालं.

तरी रोज दोन-तीन मोडतच होत्या. मिस्त्रींनी मला गल्लीत एक फेरी मारायला लावली आणि नुसते माझे हात बघितले. "काका, मूठ सैल सोडा की. पडंल म्हणून आवळताय, म्हणून पडतंय."

मला सिद्धेश्वराची जत्रा आठवली. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला मानकरी ती उंच काठी पेलतो, तेव्हा काठी झुकते तिकडेच तो पाय टाकताना मी लहानपणापासून बघत आलोय. ताठ उभा राहून तिच्याशी झोंबत नाही. सायकलही उजवीकडे झुकली की हँडल उजवीकडे जाऊन चाक भाराखाली आणतं. मी मूठ आवळून तिला तेच करू देत नव्हतो.

परवा चाळीसच्या चाळीस शाबूत पोचल्या. येताना मुद्दाम सांगायला गेलो. मिस्त्री चहा पीत बसले होते. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बरं झालं की," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवून, "काका, एखादा नट जरा ढिला करून देऊ का?"