शेवटी पद्मिनी घेतलीच!

१९८४ची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट गाडी. पांढरी, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. घरच्यांचं म्हणणं, एवढ्यात चांगली सेकंडहँड स्विफ्ट आली असती. आली असती की. पण ती चालवताना हाताला काम काय?

हिचं तसं नाही. सकाळी थंड इंजिन चालू करायला चोक ओढायचा, इंजिन जरा गरम झालं की हळूच आत ढकलायचा. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळं जागच्या जागी वळवताना दंड भरून येतात. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, गाडी पटकन थांबत नाही. पुढच्या रिक्षावाल्याच्या मनात काय चाललंय ते आधीच ओळखावं लागतं. १०८९ सीसीचं इंजिन, पण टॉपला टाकून पन्नासवर सोडली की काय मस्त चालते! पुढच्या दारांच्या त्या तिकोनी काचा उलट्या फिरवल्या की वारा थेट छातीवर. एसी गेला उडत.

सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद कॉलेजसमोरून जाताना उगाच हॉर्न दिला. ही गाडी बनवणारी कंपनी १९४४ साली वालचंद हिराचंद यांनीच काढली होती, म्हटलं सलामी द्यावी.

मिरजेच्या पंपावर एक आजोबा काठी टेकत आले, बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "आमची विकली, चूक केली बघा." पेट्रोल भरून झालं तरी आमच्या गप्पा संपेनात, मागचे हॉर्न वाजवून दमले.

ब्रेक डावीकडं ओढतोय, ते उद्या मिस्त्रीकडं. बाकी कुणाकडं जुन्या फियाटच्या व्हीलकॅप माळ्यावर पडून असतील तर इनबॉक्समध्ये या. भाव नीट लावा म्हणजे झालं.