गादीवाफ्याचं पांघरूण: शेवटी आढं सापडलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं की गादीवाफ्यावर (जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्यावर) पीव्हीसी पाइपच्या तिन्ही कमानी बसल्या, त्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून झाला, आता मेथी-कोथिंबीर पावसाळाभर. पुष्य नक्षत्र लागलं आणि त्याच्या म्हाताऱ्या पावसानं एका रात्रीत सगळं आडवं केलं.

सकाळी सहाला परसात गेले, तर मधली कमान गुडघ्यात दुमडलेली. दोन्ही बाजूंना कागद म्हशीच्या कासेसारखा लोंबत होता, खाली मेथी चिखलात चेपलेली. अंगणातल्या सरळ डब्यात पट्टी बुडवून बघितली, 5 सेंटिमीटर. वाफा 8 बाय 3 फूट, म्हणजे साधारण सव्वादोन चौरस मीटर. चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी, तेव्हा रात्रभरात त्या कागदावर 110 लिटर पडलं होतं. बरंचसं वाहून गेलं असणार, तरी एका झोळीतून मी तीन बादल्या उपसल्या. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची ती ताकदच नव्हे.

पहिला उपाय सगळे सांगतात तोच केला, कमानी वाढवल्या. तिनाच्या पाच. दोन मोठ्या झोळ्यांच्या चार लहान झाल्या, एवढाच फरक. मग कमानींवरून सुतळी आडवी-तिडवी ओढली. भिजल्यावर सुतळीच सैल पडली. नायलॉनची दोरी ओढली, तर दोन दोऱ्यांच्या मधे वाटीएवढी तळी. पाणी काठीनं वर ढकलून सांडायचं काम रात्री दोनदा उठून केलं, पण ते किती दिवस करणार?

मामंजी ओसरीवरून आठवडाभर हे बघत होते. गावाकडचं कौलारू घर त्यांनी वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात स्वतः शाकारलेलं. मग एक दिवस छत्री घेऊन वाफ्यापाशी आले, कागदावर हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, ह्याला आढं कुठाय?"

आढं म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड. तिथंच उलगडा झाला. अर्धगोल कमानीचा माथा जवळजवळ सपाट असतो. तिथं कागद बोटभर सैल पडला की पाणी थांबतं, त्या वजनानं आणखी ताणतो, आणखी पाणी थांबतं. छपराला उतार हवा, आणि तो माथ्यापासूनच हवा.

कमानी काढल्या. दोन्ही टोकांना कळकाचे खांब, त्यावर 9 फुटी कळकाचं आढं, वाफ्यापासून अडीच फूट उंच. दीड-दीड फुटावर कामट्यांचे वासे. कळकाची पेरं रंध्यानं साफ केली आणि आढ्यावर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळली, नाहीतर कागद तिथंच फाटतो. खालच्या कडा खिळ्यांनी न ठोकता लांब कामटीवर गुंडाळल्या. कामटीच्या वजनानं पाखं ताठ राहतं, आणि उघडीप मिळाली की पडद्यासारखं वर गुंडाळता येतं. हे फार महत्त्वाचं, कारण बंद कागदाखाली दमट हवा कोंडली की कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. आता पाऊस असो-नसो, दोन्ही बाजूंना वीतभर फट ठेवतेच. आढं पूर्व-पश्चिम आहे. आमच्याकडं कोल्हापूरच्या फुलेवाडीत पावसाळी वारा पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या अंगानं येतो, तो टोकाकडून शिरतो आणि सरळ निघून जातो, छप्पर उचलत नाही.

कागदाबद्दल एक सांगते. पहिला मी मार्केटातून वजनावर आणला होता, "यूव्हीचाच आहे ताई" (म्हणजे उन्हात टिकणारा) या शब्दावर. दोन महिन्यांत घडीवर तडकला. आता पॉलिहाउसचा 200 मायक्रॉनचा आणलाय, महाग पडला, पण हातात घेतल्यावरच फरक कळतो. खांबांच्या बुडाचे लोखंडी बूट मात्र उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्यानं तासाभरात असे नेटके करून दिले की पैसे देताना समाधान वाटलं.

परवापासून दोन दणक्या सरी झाल्या. कागदावर थेंब थांबत नाही. पागोळ्या पडताना बघत मी ओसरीवर किती वेळ उभी होते! नवी मेथी चौथ्या दिवशी वर आली. रगडून पेरलेले धने अजून मातीतच आहेत, त्यांना आठ-दहा दिवस लागतातच.

तळाला घातलेलं उसाचं पाचट बसलंय, फूटभर भर होती ती नऊ इंचांवर आली. पालक पिवळट दिसतोय. पाचट कुजताना नत्र ओढतं, म्हणून वरून गांडूळखताचा दोन बोटं थर देतेय.

पागोळ्या मात्र वाफ्याच्या विटांलगतच पडतात आणि माती उकरतात. कड दोन्हीकडं अर्धा फूट बाहेर काढणार होते, पण लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. कड बाहेर काढली की छप्पर 9 बाय 4 फूट होतं, म्हणजे मिलिमीटरमागं सव्वातीन लिटर. चार इंची पाइप उभा चिरून दोन्ही पाख्यांखाली पन्हळ केली, तर 60 मिलिमीटरला 200 लिटरचा ड्रम भरतो. काढलेल्या कमानीही टाकत नाही. थंडीत मिरचीवर पांढरी माशी येते, तेव्हा त्यांवर 40 मेशची (इंचात 40 भोकांची) जाळी घालेन. जाळीवर पाणी साचत नाही.

पन्हळीला उतार किती द्यावा, कुणी केलं असेल तर सांगा. शनिवारी पाइप आणायला जातेय.