आधी फरक, मग निवड

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं मुख्याध्यापकांचं पत्र आलं. शिस्त आणि संस्कारांबद्दल बाकीचे लिहितीलच. मी जीवशास्त्राच्या बाईंनी डोक्यात पक्की बसवलेली एकच गोष्ट लिहितो.

आम्ही तासगाव भागातली द्राक्ष बागायतदारांची पोरं. उत्क्रांतीचा धडा आला की जिराफाची मान उंचावरची पानं खाऊन खाऊन लांब झाली, असं ठोकून मोकळे व्हायचो. बाईंनी जिराफ बाजूला ठेवला आणि विचारलं, “तुमच्या बागेत तास-ए-गणेश कुठनं आली रे?” वर्ग गप्प.

मग त्यांनी सांगायला घेतलं. थॉम्सन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाच्या मण्यात बी धरते, पण कोवळी असतानाच तिची वाढ थांबते. त्यामुळे लागवड काडीनंच. काडीपासून वाढलेल्या वेली जनुकांनी एकसारख्या, आईबापांच्या गुणांची सरमिसळच नाही. तरी पेशी विभागताना जनुकांची नक्कल क्वचित चुकते. ते उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बदल, वेलीच्या फुटत्या डोळ्यात झालं तर त्यातून फुटणारी काडी वेगळी निघू शकते. थॉम्सनमधलं असंच एक वेगळेपण बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी हेरलं, जपलं, आणि तास-ए-गणेश ही जात झाली. वेलीला गरज होती म्हणून फरक पडला नाही. तो आपोआप पडला आणि माणसाच्या कामाचा निघाला. आधी फरक, मग निवड.

मागच्या बाकावरनं कोणीतरी म्हणालं, “पण बाई, औषध मारून मारून डाऊनी निर्ढावतीच की ओ!” डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. बाई खूश झाल्या. असा आडवा प्रश्न आला की त्यांचा तास पुढच्या तासात शिरायचा, आणि गणिताचे सर दाराशी ताटकळत उभे. त्यांनी सांगितलं, डाऊनीच्या असंख्य बीजाणूंत मेटॅलॅक्झिल हे फवारणीचं औषध पचवणारे एखाद-दुसरे आधीच असतात. फवारणीनं बाकीचे मरतात, आणि या उरलेल्यांना सगळी बाग मोकळी मिळते. औषधानं त्यांना काही शिकवलं नाही, फक्त निवडलं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ पासून चालत आलंय, कारण तांबं एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. एवढ्या सगळ्या ठिकाणी वाचवणारा बदल एकाच बीजाणूत जुळून येणं कठीण. आज दुकानदार दरवर्षी नवीन नावाची बाटली पुढं करतो तेव्हा मी आधी आतला घटक वाचतो. ही सवय त्या तासाची.

‘सर्वात लायक तोच टिकतो’ हे वाक्य बाईंना मुळीच आवडायचं नाही. लायक कुठं, ते सांगा म्हणायच्या. बिनबियांची वेल जंगलात नापास, तासगावात पहिली!

जैवविविधतेचे तीन स्तर, जनुकं, प्रजाती आणि परिसंस्था, परीक्षेपुरते पाठ केले. पैकी जनुकांचा स्तर सागरेश्वर अभयारण्याच्या सहलीत कळला. तिथली हरणं बाहेरून आणून सोडलेली. थोडक्या जनावरांपासून वाढलेल्या कळपाची जनुकांची शिदोरीही तेवढीच, असं बाई चालता चालता म्हणाल्या. आमचं लक्ष तेव्हा डब्याकडे होतं. पुढं माझ्या बागेत डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ती वेल, लावला तेव्हा ते वाक्य आठवलं. तो खुंट अमेरिकेतल्या रानद्राक्षांच्या वंशातला. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा किडीनं फ्रान्सच्या बागा मुळापासून खाल्ल्या, तेव्हाही अमेरिकन रानवेलींचीच मुळं कामी आली. त्या वेलींना फळासाठी कोण विचारत होतं? आपल्या तालुक्यात मात्र मैलोन्‌मैल मोजक्याच जाती, त्याही काडीनं वाढवलेल्या. एकीला लागलेला रोग दुसरीला परका नाही. याची मला खरोखर धास्ती वाटते.

महोत्सवानिमित्त शाळेमागच्या पडीक जागेत झाडं लावायचं चाललंय, असं कळलं. रोपवाटिकेतनं एकसारखी कलमं आणू नका. एकाच रायवळ आंब्याच्या कोयी लावा. आई एक असली तरी पराग निरनिराळ्या झाडांचे, त्यामुळे पानं, वाढ, मोहोराची वेळ आणि चव सगळ्यांत फरक दिसेल. मुलांना दरवर्षी नोंदी ठेवायला लावा. कोयी मी पाठवतो, कुंपणाचं तेवढं शाळेनं बघावं.