वाळूतली मेणबत्ती: सगळा खेळ ओलीचा आणि आचेचा

वाळूत खळगा करायचा, वितळलेलं मेण ओतायचं, गार झालं की उकरून काढायचं. कृती एवढीच. तरी एकाच घमेल्यातली एक मेणबत्ती वाळूचं छान कवच घेऊन निघते, आणि दुसरीवरून हात फिरवला की सगळी वाळू झडून नुसतं मेण उरतं. फरक दोनच गोष्टींचा असतो: वाळू किती ओली होती आणि मेण किती गरम होतं.

मेण दाण्यांच्या फटींत शिरतं आणि तिथेच गोठतं, ते कवच. मेण कोमट असेल तर पहिल्याच दाण्यांना लागून थिजतं आणि पुढची वाट बंद करतं. वाळू चिंब असेल तर फटी आधीच पाण्याने भरलेल्या, शिवाय पाणी मेणाची उष्णताही खातं. उलट वाळू फार कोरडी असेल तर मेण वाट फुटेल तिकडे पळतं आणि खाली बेढब ढेकूळ तयार होतं.

तीन किलो कोरड्या वाळूला साधारण ३०० मिली पाणी लागतं, पण एकदम ओतू नका. शिंपडत कालवा. रव्याच्या लाडवासारखी मूठ वळली पाहिजे आणि बोटांना पाणी सुटता कामा नये. हे काम पोरांना द्यावं, त्यांचा हात यात मोठ्यांपेक्षा बरा चालतो. बांधकामाची वाळू रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. समुद्राची असेल तर तीन पाण्यांनी धुऊन वाळवा, कारण त्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात कवच दमट लागतं. दिवाळीच्या किल्ल्याची माती मात्र चालणार नाही. तिचे कण इतके बारीक की मेण आत शिरतच नाही.

घमेल्यात आधी चार बोटं वाळू दाबून बसवा. त्यावर वाटी ठेवून भोवती वाळू ठासून भरा, मग वाटी किंचित फिरवून सरळ वर उचला. तळाला बोटाने तीन भोकं पाडली की मेणबत्तीला पाय येतात. तिन्हींची खोली सारखी हवी, नाहीतर ती डुगडुगते.

वात देवापुढच्या समईची नको. ती सैल असते, ज्योत मोठी होते आणि धूर करते. मेणबत्तीची विणलेली वात घ्या, मेणात बुडवून ताठ करा, तळाच्या वाळूत सेंटीमीटरभर खोचा आणि वरचं टोक घमेल्यावर आडव्या ठेवलेल्या काडीला बांधा.

मेण ५८–६० अंशांना वितळणारं पॅराफिन. वाटीत ३०० मिली पाणी मावत असेल तर ३०० ग्रॅम मेण धरा, वर शंभरेक ग्रॅम जास्तीचं. मुरतं आणि आक्रसतंही. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवा. अशाने मेण ८५–९० अंशांपर्यंत जातं आणि कवच पातळ पण नीट येतं. जाड कवचासाठी काही जण थेट आचेवर १२० अंशांच्या पुढे नेतात. घरात मुलं असताना ते नकोच. मेणाला पाण्यासारखी उकळी फुटत नाही, ते गुपचूप तापत जातं आणि सुमारे २०० अंशांना त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण घाला, पाणी कधीही ओतू नका. ओतण्याचं काम मोठ्या माणसाचं. रंगासाठी जुन्या रंगीत मेणबत्त्यांचे तुकडे बरे. खडूचे रंग वातीत अडकतात आणि ज्योत मरते.

ओतताना चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून सावकाश सोडा, नाहीतर धारेने तळाला खड्डा पडतो. बुडबुडे आले, चरचरलं, तर वाळू जास्त ओली आहे. थोड्याच वेळात पातळी खाली जाईल, तेव्हा लगेच भर घाला. तासाभराने वातीभोवती खळी पडते. अगरबत्तीच्या काडीने तिथे दोन-तीन भोकं पाडून पुन्हा गरम मेण भरा, मात्र आधीच्या कडेच्या वर जाऊ देऊ नका. नाहीतर मेण कडेबाहेर झिरपून वाळूत ओठ तयार होतो.

रात्रभर हात लावायचा नाही. वरून घट्ट दिसलं तरी पोटात मऊ असतं आणि घाईने उकरलं की पायच तुटतो. सकाळी बाजूची वाळू काढून खालून हात घालून उचला, जुन्या टूथब्रशने सुटे दाणे झाडा, वात अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा. पेटवताना खाली ताटली हवीच, कवचातून मेण पाझरू शकतं.

भांड्यात उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबते. वाळू वाळवून चाळून ठेवा. मेणाचे खडे राहिले तर तेवढ्या जागी ती पाणी धरत नाही आणि पुढच्या वेळी खळग्याची भिंत तिथेच ढासळते.