लीड टाइम ५२ आठवडे: चिप टंचाईत पार्ट मिळवताना, माझा अनुभव

२०२१ साली परचेस बघणाऱ्या कुणालाही विचारा, रडवलेल्या पार्टांच्या यादीत एसटीएम३२एफ१०३, म्हणजे एसटी कंपनीची मायक्रोकंट्रोलर चिप, अगदी वरती निघेल. आमच्या बोर्डावर नेमका तोच. डिझाईन झालेलं, प्रोटोटाइप व्यवस्थित चालत होते, पहिली प्रॉडक्शन बॅच काढायची होती आणि बीओएम, म्हणजे बोर्डावरच्या सगळ्या पार्टांची यादी, माझ्या हातात दिलं की घे, मागव. रेझिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर पटापट कार्टात गेले आणि या एका ओळीवर गाडी अडली. स्टॉक शून्य, लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात यायचा वेळ, ५२ आठवडे. डिस्ट्रिब्युटरला फोन केला तर त्यांचा सेल्सवाला म्हणतो, मॅडम ते ५२ पण धरून चालू नका, सिस्टीममध्ये काहीतरी भरावं लागतं म्हणून भरलंय.

कारणं तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. २०२० मध्ये गाड्या बनवणाऱ्यांनी ऑर्डरी कॅन्सल केल्या, फॅबमधली, म्हणजे चिप बनवायच्या कारखान्यातली, ती जागा लॅपटॉप-फोनवाल्यांनी घेतली, गाड्यांची मागणी परत आली तेव्हा जागाच उरली नव्हती, त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससच्या बर्फाच्या वादळात ऑस्टिनचे फॅब बंद पडले आणि मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका फॅबला आग लागली.

पण स्टॉक शून्य म्हणजे माल येतच नाही असं नसतं. माल येत होता, फक्त गोदामात टेकायच्या आधीच वाटून झालेला असायचा. याला अलोकेशन म्हणतात. ज्यांनी आधीपासून फोरकास्ट दिलाय, ज्यांच्या ऑर्डरी मोठ्या आहेत, त्यांचा नंबर आधी. सेल्सवाल्याने मला किती नग पाहिजेत हे नंतर विचारलं, आधी विचारलं प्रोजेक्ट रजिस्टर आहे का. ही डिझाईन रजिस्ट्रेशनची भानगड अशी, की बोर्ड बनत असतानाच डिस्ट्रिब्युटर चिपच्या उत्पादकाला कळवतो, या गिऱ्हाइकाच्या डिझाईनमध्ये तुमचा पार्ट मी बसवून दिलाय, आणि त्याबद्दल त्या पार्टवर त्याला जास्त मार्जिन मिळतं. म्हणजे गिऱ्हाईक त्याच्या खात्यावर लागतं आणि मग तुमच्यासाठी भांडायला त्याला काहीतरी कारण असतं. फॉर्म भरले, वर्षाला किती लागतील तो आकडा दिला आणि वाट बघत बसले.

वाट बघताना मी या डिस्ट्रिब्युटर कंपन्यांचा इतिहास वाचायला लागले, कारण खरंच कळत नव्हतं की एकजण पाच नगसुद्धा पाकिटात घालून पाठवतो आणि दुसरा पूर्ण रीलच्या, म्हणजे हजारो पार्ट टेपवर गुंडाळलेल्या चक्रीच्या, खाली बोलायलाच तयार नाही, हे असं का. उत्तर त्यांच्या जन्मातच आहे.

अ‍ॅव्हनेट आणि अ‍ॅरो दोघी न्यूयॉर्कच्या रेडिओ रोमधल्या. मॅनहॅटनमध्ये कोर्टलँड स्ट्रीटच्या आसपास रेडिओच्या पार्टांची दुकानंच दुकानं होती, तिथे १९२१ मध्ये चार्ल्स अ‍ॅव्हनेटने धंदा टाकला आणि १९३५ मध्ये अ‍ॅरो रेडिओ सुरू झालं. पुढे वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी तो सगळा भाग पाडला. १९६८ मध्ये हार्वर्डमधून एमबीए झालेल्या तीन तरुणांनी अ‍ॅरो ताब्यात घेतली, आणि मग ४ डिसेंबर १९८० ला जे झालं ते वाचून मी दोन मिनिटं थांबलेच. कंपनीच्या वरिष्ठ लोकांची मीटिंग एका हॉटेलात होती, तिथे आग लागली, २६ माणसं गेली आणि त्यातली १३ अ‍ॅरोची. त्या तीन भागीदारांपैकी दोघे त्यातच गेले. तिसरा, जॉन वॉडेल, त्या दिवशी ऑफिसात थांबला होता, त्याने कंपनी सांभाळली. वरची सगळी फळीच गेल्यावर कंपनी संपेल असं कुणालाही वाटलं असतं, पण पुढच्या दहा-बारा वर्षांत अ‍ॅरोने किएरुल्फ आणि लेक्ससारखे मोठे प्रतिस्पर्धी विकत घेतले. हे सगळे मोठ्या व्हॉल्यूमवाले, कारखान्यांना शेड्यूलने माल पुरवणारे.

दुसरी जात वेगळी. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एल कहोनमध्ये जेरी माउझर नावाचा फिजिक्सचा मास्तर, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचं तर पार्ट मिळेनात, म्हणून स्वतःच विकायला लागला, तेच आजचं माउझर. डिजिकीची गोष्ट तर अजून भारी. मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्समधला रॉन स्टॉर्डाल हॅम रेडिओवाला, मोर्स कोड पाठवायच्या इलेक्ट्रॉनिक कीचा किट विकायचा, नाव डिजि-कीअर. किटसाठी पार्ट घाऊक घ्यावे लागायचे, उरलेले तो दुसऱ्या हौशी लोकांना सुटे विकायला लागला, किट मागे पडला आणि सुटे पार्ट हाच धंदा झाला. १९७२ साल. ते गाव आजही जेमतेम नऊ हजार वस्तीचं आणि कंपनीचं मुख्य गोदाम अजून तिथेच आहे, २०२२ मध्ये तर शेजारी २२ लाख चौरस फुटांची नवी इमारत उघडली.

तर या दुसऱ्या जातीचा सगळा खेळ तोडून देण्यात आहे. ०६०३ साइजच्या रेझिस्टरची रील ५००० ची येते, तुम्हाला हवेत ४०, मग कोणीतरी ती रील विकत घेऊन, कापून, लेबल लावून उरलेले ४९६० सांभाळत बसायला पाहिजे. एवढा माल अंगावर घ्यायची हिंमत होते ती उत्पादकाशी असलेल्या फ्रँचायझी करारामुळे, कारण उत्पादकाने भाव उतरवला तर फरक भरून मिळतो आणि पडून राहिलेला काही माल बदलून घेता येतो. लोक मधला दलाल म्हणून नाकं मुरडतात, पण मला विचाराल तर छोट्या बॅचवाल्यांचं डिझाईन यांच्याशिवाय टेबलावरच राहिलं असतं.

हे कळल्यावर मी दोन्हीकडे वेगवेगळ्या तऱ्हेने गेले. व्हॉल्यूमवाल्याकडे शेड्यूल ऑर्डर टाकली, एनसीएनआर, म्हणजे कॅन्सल नाही आणि परत नाही, सही करताना हात जरा थबकला पण केली. माउझर-डिजिकीसारख्या सुटं विकणाऱ्या कॅटलॉगवाल्यांकडे स्टॉक अलर्ट लावले आणि मेल आला रे आला की जे मिळेल ते, रीलमधून कापलेली कट टेप असो नाहीतर अर्धा ट्रे, उचलायला लागले. इथे सावकाश विचार करून चालत नाही, कार्टात ठेवून साहेबांना विचारून येईपर्यंत माल गायब.

मधल्या काळात ब्रोकर लोकांचे, म्हणजे उत्पादकाशी करार नसलेल्या व्यापाऱ्यांचे, मेल सुरूच होते, तुमचा पार्ट आमच्याकडे रेडी स्टॉक. भाव अर्थातच कितीतरी पट. साहेबांना घाई झालेली, म्हणून एकाकडून सॅम्पल मागवले. पाकीट व्हॅक्यूम सील, आत आर्द्रतेचं कार्ड, सिलिका जेल, सगळं दिसायला झकास. लेबलवर डेट कोडचे, म्हणजे चिप कधी बनली त्याचे, चार आकडे, पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे, आणि चिपवरचा कोड वेगळाच. कापसाच्या काडीला अ‍ॅसिटोन लावून चिपच्या माथ्यावर घासलं तर काडी काळी झाली आणि खालून घासकामाच्या बारीक समांतर रेघा दिसायला लागल्या. म्हणजे जुनं छापलेलं घासून, वर काळा थर देऊन नवीन नाव टाकलेलं. तरी एक बोर्डावर लावून डिबगर, म्हणजे चिपशी बोलून आतलं तपासायचं उपकरण, जोडला, चिपचा आयडी कोड १बीए०१४७७ यायला हवा तिथे २बीए०१४७७ आला. चिप चालत होती हं, एलईडी लुकलुकत होता, पण आत एसटीचं सिलिकॉन नव्हतंच, कुठलातरी क्लोन, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी बनवलेली हुबेहूब नक्कल, होता. ब्रोकरला फोटो पाठवले, त्याने पैसे परत देऊ म्हणून सांगितलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं.

गंमत म्हणजे शेवटी आम्ही क्लोनच लावला, पण राजरोस, स्वतःच्या नावाने विकला जाणारा. गिगाडिव्हाइसचा जीडी३२एफ१०३, पिनला पिन जुळतो, आणि तो अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडे मिळत होता. फर्मवेअरवाला, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम लिहिणारा, खूश नव्हता, कारण जीडी फ्लॅश मेमरीतून वेट स्टेट न घेता, म्हणजे मध्ये न थांबता, कोड चालवतो, त्यामुळे नुसती गिनती करून वेळ काढणारे डिले लूप लवकर संपायला लागले आणि डिस्प्लेवर कचरा दिसायला लागला. डिले सगळे टायमरवर नेले, मग दोन्ही चिपवर तोच कोड चालायला लागला. अर्धी बॅच जमवलेल्या एसटीवर, अर्धी जीडीवर, अशी एकदाची बाहेर पडली.

ती एनसीएनआर ऑर्डर मात्र नंतर आली, पूर्ण, आणि तोपर्यंत टंचाई ओसरून तोच पार्ट जिकडेतिकडे स्टॉकमध्ये दिसत होता. अकाउंट्सवाल्यांनी विचारलं हा माल परत का जात नाही, त्यांना सहीचा कागद दाखवला. तो अजून हळूहळू वापरतोय. आता नवीन बोर्डाच्या बीओएममध्ये पर्यायी पार्ट नंबरचा कॉलम रिकामा असेल तर मी ते पुढे पाठवत नाही, आणि स्केमॅटिक, म्हणजे सर्किटचं चित्र, चालू असतानाच डिझाईन रजिस्टर करायला लावते, डिझाईनवाले कुरकुरले तरी.