प्लोमोसा रोडची थंडी आणि ‘सोलर आहे ना!’

जानेवारीत ॲरिझोनाच्या वाळवंटात भाड्याचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) नेणार असाल तर मालकाला पहिला प्रश्न फ्रीजचा विचारा. गॅसवर चालतो, की फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीवर? पलंग केवढा, टीव्ही आहे का, हे नंतर. आम्हाला सांगितलं होतं, “छतावर सोलर आहे, कसली काळजी?” आणि रात्री तीन वाजता फर्नेस, म्हणजे ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी, आमच्या अंगावर गार हवा सोडत होती.

क्वार्ट्झसाइट हे आय-१० आणि यूएस ९५ जिथे एकमेकांना छेदतात तिथलं छोटं गाव, फीनिक्सहून साधारण दोन तास. हिवाळ्यात भोवतीच्या सरकारी जमिनीवर हजारो आरव्ही, म्हणजे राहण्याच्या गाड्या आणि ट्रेलर, येऊन बसतात. दक्षिणेला ला पोसा: परमिटचे पैसे भरा, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम ठोका, पाणी आणि डंप स्टेशन (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची जागा) मिळतं. प्लोमोसा रोड किंवा डोम रॉकला सगळं फुकट, १४ दिवसांची मर्यादा आणि सोयी शून्य. आम्ही प्लोमोसाला उतरलो. जमीन टणक, खडीची. कोरड्या ओढ्यांच्या पात्रात तेवढा ट्रेलर घालू नका. जागेबद्दल एवढं पुरे.

आता बॅटरी. ट्रेलरसोबत येते ती साधी लेड-ॲसिड, साधारण ८० अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर ८० तास देईल एवढी). निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वापरायला ४०. फर्नेस गॅसवर चालते हे खरं, पण तिचा पंखा बॅटरीवर, आणि तो ४ ते ७ अँपिअर ओढतो. बाहेर पाच-सहा अंश असताना रात्रभर चालू-बंद, चालू-बंद; ३० तिथेच गेले. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला आणखी ४०-५० खातो. आणि जमेला काय? जानेवारीतला तिथला सूर्य भर दुपारीसुद्धा जेमतेम ३५ अंश वर चढतो आणि पॅनल छतावर आडवं पडलेलं. १०० वॅटच्या पॅनलने दिवसाला २० अँपिअर-अवर दिले तर देव पावला म्हणायचं.

बरं, बॅटरी उतरली की फर्नेस गुमान बंद पडत नाही, खरी मेख तिथेच आहे. पंखा फिरत राहतो, पण मंद. आत सेल स्विच नावाची पातळ पत्री असते; झोत पुरेसा जोरात नसेल तर ती गॅस पेटूच देत नाही. म्हणजे उबेचा पत्ता नाही आणि उरलीसुरली बॅटरीही पंखा पिऊन टाकतो. पाठोपाठ गॅसचा डिटेक्टर किंचाळायला लागतो. आमच्याकडे तो व्होल्टेज कमी झाल्यामुळे वाजत होता, पण झोपेतून उठलेल्याला हे कळणार कसं? सरळ बाहेर पडा, मग शोध घ्या. कुडकुडताना शेगडी पेटवून ठेवायचा मोह होईल, तो आवरा. कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात.

मालकाला फोन लावला. “गाडी जोडा, इंजिन चालू ठेवा, होईल चार्ज.” ही दुसरी थाप. सात पिनांच्या प्लगमधून बारीक वायरीने चार-पाच अँपिअर आले तरी खूप. पेट्रोल जळलं, व्होल्टमीटर ढिम्म. सकाळी शेजारचे कॅनडावाले आजोबा २२०० वॅटचा होंडा जनरेटर घेऊन आले. त्यांनी आधी फ्रीज उघडून पाहिला आणि नुसते हसले.

माझं मत विचाराल तर २००० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर, नाहीतर १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या आणि ४०० वॅटचं सोलर, यांपैकी काहीच मिळत नसेल तर १२ व्होल्ट फ्रीजचा ट्रेलर घेऊच नका. गॅसच्या फ्रीजचा जुनाट, खडखडता ट्रेलर शंभर पटींनी बरा. बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या चार दिव्यांवर जाऊ नका, चार्जिंग चालू असलं की ते सगळे लागतात. स्वस्तातला व्होल्टमीटर न्या: १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आणि ट्रेलरचं तोंड वर-खाली करणारा पुढचा जॅकही याच बॅटरीवर, त्यामुळे ती पार मेली की बिऱ्हाड आवरून निघणंही मुश्कील. हाताने फिरवायचं हँडल कुठे ठेवलंय ते ताबा घेतानाच बघा.

स्वयंपाकाला कुकर न्या. मिक्सर आणि इन्स्टंट पॉट घरी. चटण्या कोरड्या करून न्या. भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा, कारण ग्रे टँक (भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची टाकी) आधी भरतो आणि ते पाणी जमिनीवर सोडायचं नसतं.

बाकी दिवस मजेत गेले. अमेरिकी सैन्याच्या उंटांबरोबर आलेल्या हाजी अलीची, तिथल्या भाषेत हाय जॉलीची, पिरॅमिडसारखी कबर गावातच आहे. १९०२ मध्ये तो वारला. अर्ध्या तासात बघून होते.

ट्रेलर परत केला तर बिल हजर: बॅटरी ‘खराब केली’ म्हणून २५० डॉलर, डंपिंगचे ७५. टाक्या आम्ही गावातच रिकाम्या केल्या होत्या. पावती दाखवली, ७५ गेले. बॅटरीवर तारखेचा स्टिकर असतो, त्याचा फोटो होता. पाच वर्षांची निघाली. तासभर हुज्जत घातल्यावर २५० चे १२५ झाले, आणि तेही मला पटलेले नाहीत. तुम्ही ताबा घेताना स्टिकर, व्होल्टमीटर, टाक्यांचे दिवे आणि प्रोपेनचे सिलिंडर यांचे फोटो मालकासमोरच काढा.